निवडण

आपल्या भाषेत ‘निवडणे’ हा शब्द आधी स्वयंपाकघरात वावरतो आणि मग तत्त्वज्ञानात शिरतो. आपण तांदूळ निवडतो, पालेभाजी निवडतो आणि प्रसंगी जावईही निवडतो. त्यांतले तांदळाचे काम सोपे. खडा दिसला की काढून टाकायचा; एखादा राहून गेलाच तर तो दाताखाली येऊन आपण होऊन ओळख देतो. आयुष्यातली निवड अशी सरळ नसते. तिथे खडा कोणता आणि दाणा कोणता हे कळेपर्यंत भात शिजून, वाढून, खाऊनही झालेला असतो. मग माणूस रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मागे जातो आणि ‘तेव्हा असे केले असते तर’ हा खेळ खेळत बसतो. या खेळाला पैसा पडत नाही, त्यामुळे गरीब-श्रीमंत सगळेच तो खेळतात.

पॅरिसच्या ‘डोन्टनॉड’ या कंपनीने २०१५ साली नेमका हाच खेळ विकायला काढला. जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत, मासिकातल्या क्रमशः कादंबरीसारखा, पाच भागांत. नाव ‘लाइफ इज स्ट्रेंज’. आयुष्य मोठे विचित्र असते, हे सांगायला पॅरिसच्या मंडळींची गरज नव्हती; पण सांगण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती.

व्हिडिओ गेम म्हटला की बंदुका आणि धावपळ, अशी माझी पक्की समजूत. इथे त्यातले फारसे काही नाही. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर आर्केडिया बे नावाचे एक कल्पित गाव आहे. मॅक्स नावाची अठरा वर्षांची मुलगी तिथे छायाचित्रण शिकते. तिच्या डोळ्यांदेखत शाळेच्या स्वच्छतागृहात एका मुलीला गोळी लागते. मॅक्स घाबरून हात पुढे करते, आणि काळ मागे सरकतो! ती मुलगी वाचते; आणि निघते कोण, तर मॅक्सची बालमैत्रीण क्लोई. तिथून पाच दिवस पावलोपावली प्रश्न उभे राहतात. खरे बोलायचे की गप्प बसायचे? फोन घ्यायचा की नाही? मॅक्सच्या खोलीतल्या कुंडीला पाणी किती घालायचे? उत्तर खेळणाऱ्याने द्यायचे. नाही पटले तर काळ मागे सरकवून दुसरे उत्तर द्यायचे. प्रत्येक भागाच्या शेवटी, जगातल्या शेकडा किती लोकांनी आपल्यासारखे केले, त्याचा हिशेबही मिळतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडे होतो. भाची वीस वर्षांची, भाचा सतरा. दोघे आळीपाळीने खेळत होती आणि मी सोफ्यावर बसून, जमेल तिथे अनाहूत सल्ला देत होतो. एका घरात दोन पक्ष कसे पडतात हे मी त्या चार दिवसांत पाहिले.

भाचा विरोधी पक्षात. त्याची पहिली तक्रार बाटल्यांबद्दल. दुसऱ्या भागात मॅक्सला भंगाराच्या आवारात हिंडून पाच बाटल्या गोळा कराव्या लागतात. “मामा, हिच्या हातात काळ आहे आणि ही बाटल्या वेचतेय!” दुसरी तक्रार बोलण्याची: अमेरिकेतली पोरे असे बोलत नाहीत, हे फ्रान्समध्ये बसून रचलेले बोलणे आहे. हे आक्षेप जगभरच्या खेळणाऱ्यांनीही घेतले आहेत. पण सगळ्यांत मोठा आक्षेप शेवटाबद्दलचा आहे. पाच भाग तुम्ही शंभर निर्णय घ्या. अखेर एकच दुपेडी प्रश्न उरतो. गावावर वादळ चालून आले आहे. क्लोईला मरू द्या आणि गाव वाचवा, किंवा गाव जाऊ द्या आणि क्लोईला वाचवा. मागे काहीही केलेले असो, या दोन्ही वाटा सगळ्यांना सारख्याच मोकळ्या. मग मधल्या निवडीला अर्थ काय?

भाची म्हणे, अर्थ आहे. आणि पुरावा म्हणून ती केटकडे बोट दाखवी. केट ही मॅक्सच्या वसतिगृहातली एक सालस मुलगी. तिची बदनामी होते आणि ती जीव द्यायला वसतिगृहाच्या छतावर चढते. तिच्यापर्यंत पोचता पोचता मॅक्सची शक्ती संपते. काळ मागे सरकत नाही. आता फक्त बोलायचे, तेही एकदाच. तिथे कामाला काय येते? आधी तिचा फोन घेतला होता का. तिच्या खोलीत गेलो तेव्हा तिच्या बहिणींबद्दल, वडिलांबद्दल काही डोळे उघडे ठेवून पाहिले होते का. ज्याने पाहिले त्याला योग्य शब्द सापडतात आणि केट खाली उतरते. एरवी ती वाचेलच असे नाही. “म्हणजे निवड छतावर नाहीच,” भाची म्हणाली, “ती आधीच होऊन गेलेली असते.” मला हे फार पटले. या खेळाला २०१६ साली कथेबद्दल ‘बाफ्टा’ पारितोषिक मिळाले. असल्या जागा पाहूनच ते दिले असावे.

तिसऱ्या भागाच्या शेवटी खेळाचा यंत्रगोल भाच्याच्या हातात होता. क्लोईचे वडील काही वर्षांपूर्वी मोटार घेऊन बाहेर पडले आणि अपघातात गेले, अशी हकीकत आहे. मॅक्स एका जुन्या छायाचित्रातून त्या दिवसात शिरते आणि मोटारीच्या किल्ल्याच लपवून ठेवते. वडील वाचतात! पण त्या बदललेल्या आयुष्यात पुढे क्लोईचाच अपघात होतो आणि ती मानेखाली लुळी पडते. चौथ्या भागात मॅक्सला पुन्हा त्या दिवसात जावे लागते. या वेळी किल्ल्या लपवायच्या नाहीत. हसतमुख वडिलांना दारातून जाऊ द्यायचे. इतर वेळी पदोपदी विचारणारा खेळ इथे काही विचारत नाही.

माझ्या भाच्याचे वडील चार वर्षांपूर्वी सकाळी नेहमीसारखे कामावर गेले आणि वाटेतच गेले. त्याने यंत्र खाली ठेवले. “हा खेळ खोटारडा आहे,” तो म्हणाला, “इथेच पर्याय का नाही दिला?”

ताई पलीकडे चिवड्याचे पोहे निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, “त्या दिवशी बाबांना थांबवायला हवं होतं, असं वाटतं का रे तुला?”

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “तुला?”

“रोज. आणखी अर्धा कप चहा दिला असता तरी चाललं असतं, असं रोज वाटतं.” तिने सुपातला कचरा बाजूला सारला. “पण कामाला निघालेल्या माणसाला कुणी अडवतं का? मीच डबा भरून दिला होता.”

चार वर्षांत त्या घरात हे वाक्य उच्चारले गेले नव्हते. मी खिडकीबाहेरचा आकाशकंदील पाहत बसलो. थोड्या वेळाने भाच्याने यंत्र पुन्हा उचलले आणि त्या वडिलांना जाऊ दिले.

म्हणून या खेळाविषयी कोणी बरे-वाईट बोलू लागले की मी दोघांचेही ऐकून घेतो. तक्रार करणाऱ्यांचे चुकत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात ‘डबल एक्स्पोजर’ नावाने मॅक्सची पुढची कथा आली. ती डेक नाइन या दुसऱ्या कंपनीने केली. तुम्ही तेव्हा कोणता शेवट केला होता, हे खेळ सुरुवातीलाच जाणून घेतो. पण ज्यांनी क्लोईसाठी अख्खे गाव सोडले होते त्यांना कळते, की या दोघींचे पुढे जमले नाही, त्या दुरावल्या. लोक भयंकर चिडले. नऊ वर्षे जपलेली निवड कोणी परस्पर निकालात काढली, तर राग येणारच. लोक रागावले याचा अर्थच असा, की शेवट दोनच असले तरी ती निवड त्यांना आपली वाटत होती. नुसते बटण दाबल्याचा राग कोणी नऊ वर्षांनी धरीत नाही.

भाऊबिजेच्या आदल्या रात्री पाचवा भाग संपला. भाचीने गाव वाचवले. भाच्याने क्लोईला वाचवले. दोघांचा कडाक्याचा वाद सुरू झाला आणि निकालासाठी ताईला बोलावण्यात आले. तिने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, “त्या क्लोईची आई कुठे असते?”

“त्याच गावात. खाणावळीत काम करते.”

“मग तिला कुणी विचारलं का?”

भाचा भाचीकडे पाहू लागला. “क्लोई स्वतःच म्हणते तसं,” भाची हळूच म्हणाली. “आईचा विचार कर, म्हणते.”

“शहाणी आहे पोरगी,” ताई म्हणाली, आणि पाने घ्यायला उठली.