सोंडोपंत येत आहेत

ठाणे,
११ ऑगस्ट

प्रिय ताई,


फोनवर तू दर वेळी विचारतेस, "माझा हत्ती कसा आहे?" आणि मी दर वेळी "मजेत" म्हणून विषय बदलतो, कारण शेजारी आई बसलेली असते. हत्तीबद्दल सांगायचं आहे त्यातलं निम्मं आईबद्दल आहे. म्हणून हे पत्र. दिवाळीत आम्ही तिकडे पोचू तेव्हा ते तिच्या हाती लागणार नाही एवढं बघ.

मुक्ताच्या बारशाला तू तो स्टुटगार्टहून आणलास तेव्हा राखाडी होता. आता त्याचा रंग कोणता, यावर घरात एकमत नाही. डाव्या कानातलं बटण मात्र शाबूत आहे. आई त्याला भिकबाळी म्हणते. मुक्ताने त्याचं नाव ठेवलं सोंड्या, आणि आईला ते अजिबात पटलं नाही. गणपतीच्या तोंडावळ्याचा प्राणी, त्याला काय अरेतुरे करायचं? तिने परस्पर त्याचे सोंडोपंत केले आणि अहोजाहो सुरू झालं. त्यामुळे एकाच हत्तीला नात "ए सोंड्या, ऊठ" म्हणते आणि आजी "उठा आता, स्टेशन आलं" म्हणते. सुनेच्या, म्हणजे अनघाच्या, यादीत तो 'हातातलं सामान' या सदरात असतो. घरी असताना हे सगळं खपून जातं. प्रवासात मात्र तो देव, पोर की सामान, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

बॅगेत तो जात नाही, कारण बॅगेत चपला असतात. वरच्या फळीवर चालेल म्हणावं, तर तिथे मुक्ताला दिसत नाही. राहता राहिली मांडी, ती बहुतेक वेळा माझी.

पहिला मोठा प्रवास मांडवी एक्स्प्रेसने कुडाळपर्यंत. मुक्ताला पाच पूर्ण झाली होती, म्हणून बर्थसकट पुरं तिकीट काढलं होतं. टीसी आला, हातातल्या यंत्रावर आमची नावं पाहून पुढे निघाला, तर मुक्तानेच त्याला अडवलं. "सोंड्याचं तिकीट बघायचं राहिलं." टीसी घरी नातवंडं असलेला असावा. त्याने गंभीरपणे विचारलं, "वय काय?" मुक्ता म्हणाली, तीन. "मग पाचच्या आतला. पैसे पडत नाहीत, पण बर्थही मिळत नाही. मांडीवर घ्यायचं." मुक्ता खूश. आईला मात्र ते लागलं. टीसी पुढच्या डब्यात गेल्यावर म्हणाली, "तीन वर्षं काय! भिकबाळी दिसली नाही त्यांना?"

मग तिने सोंडोपंतांना खिडकीपाशी बसवलं आणि वारा लागू नये म्हणून अंगावर आपली शाल गुंडाळली. नुसती सोंड बाहेर. वार होता मंगळवार. समोरच्या काकू चिपळूणला चढल्या, त्यांनी शालीतली सोंड पाहून हात जोडले आणि पायाशी दोन रुपयांचं नाणं ठेवलं. आम्ही काही बोलायच्या आत त्यांच्या मिस्टरांनी पाच ठेवले. मुक्ताने लगेच माझ्याकडून रुपया मागून घेतला. एकदा नाणी दिसायला लागल्यावर जाणारे-येणारे कशाला मागे राहतात? रत्नागिरी यायच्या आत तिथे वडापावची सोय झाली. अनघा म्हणाली, "देवस्थानच्या पैशातून वडा?" आई म्हणाली, "प्रसाद आहे तो," आणि पहिला वडा तिनेच उचलला.

त्याआधी करबुड्याचा बोगदा झाला होता. साडेसहा किलोमीटर लांब. कोकण रेल्वेवर बोगदे नव्वदच्या वर आहेत, पण याच्याएवढा दुसरा नाही. काळोख झाला, खिडकीतून ओला, गार वारा यायला लागला आणि मुक्ताने माझी बाही धरली. "बाबा, सोंड्याला भीती वाटतेय. मला नाही." मी म्हटलं, सांग त्याला, संपेल आता. "तूच सांग." मग मी हत्तीच्या कानाला तोंड लावून, बटण ओठांना लागतंय अशा बेताने, बोगदा किती लांब आहे, पलीकडे काय आहे, ते सांगत बसलो. तेवढ्यात पलीकडून आईचा आवाज आला. "सोंडोपंतांच्या पायाला रग लागलीय रे. जरा सरक, त्यांना पाय लांब करू दे." मी सरकलो. बाहेर उजेड आला तेव्हा माझ्या बाकावर आईचे दोन्ही पाय होते आणि गुडघ्याखाली सोंडोपंत उशीला दिले होते.

ताई, तिथे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. नंतर मी मुद्दाम बघायला लागलो.

मालवणला खानावळीत सुरमईचं ताट येणार म्हटल्यावर आईने सोंडोपंतांना पाठमोरं बसवलं. भिंतीकडे तोंड करून बसलेला तो हत्ती बघून वाढणारा पोरगा इतका हसला की सोलकढीची अख्खी वाटी हत्तीच्या पाठीवर. अर्धा राखाडी, अर्धा गुलाबी. मालकीणबाई आतून धावत आल्या, स्वतःच्या पदराने पुसायला लागल्या, "काय होवचा नाय, सोलकढी थंड असता." कोकमाचा डाग जायचा तेवढाच गेला. ओल्या नारळाचा वास मात्र राहिला आणि तिसऱ्या दिवशी तो आंबला.

घरी आल्यावर त्यावरून रण पेटलं. आईने बादली भरली. मुक्ता हत्तीला घेऊन पलंगाखाली गेली. अनघा मुक्ताच्या बाजूने उभी राहिली, तीही पुस्तक घेऊन. तिच्या बालमानसशास्त्राच्या कोर्सला विनिकॉट नावाचे इंग्रज डॉक्टर आहेत. त्यांनी १९५१ साली मुलांच्या अशाच एखाद्या लाडक्या चिंधीवर, बाहुलीवर एक निबंध वाचला होता. त्यात त्यांचं म्हणणं असं की आईबापांना त्या वस्तूचं मोल ठाऊक असतं, ती ते प्रवासात बरोबर नेतात, मळू देतात, वास आला तरी चालवून घेतात, कारण धुतली तर मुलाच्या लेखी काहीतरी तुटतं. शिवाय ती वस्तू मुलाने स्वतः घडवली की बाहेरून मिळाली, हा प्रश्न त्याला विचारायचा नसतो. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांच्याकडे सोवळं नसेल." शेवटी तह झाला. धुवायचं नाही, उन्हं दाखवायची. दोन दुपारी सोंडोपंत गच्चीत चटईवर पडून होते आणि कावळे हाकलायला आई शेजारी. मला विनिकॉट पटतो. फक्त एवढंच विचारावंसं वाटतं, की हे सगळं लहान मुलांपुरतंच का मानायचं?

माथेरानची गोष्ट मुक्ता तुला तिखटमीठ लावून सांगेलच. नेरळहून छोट्या गाडीची तिकिटं मिळाली नाहीत, म्हणून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. पुढे गाड्यांना बंदी. ई-रिक्षा करू म्हटलं, तर आई म्हणाली, "एवढ्याशा अंतराला? मी काय म्हातारी झाले?" चालत निघालो. लाल माती, रेल्वेचे रूळ, झाडं आणि झाडांवर माकडं. मुक्ताच्या एका हातात चिक्की, दुसऱ्यात सोंड्या. माकडाने चिक्की सोडली आणि सोंड्या नेला. तेही आश्चर्यच, पण माझा संशय सोलकढीवर आहे.

सरबताच्या टपरीच्या पत्र्यावर बसून त्याने हत्तीची तपासणी केली. आधी उलटा धरला, पोट हुंगलं, सोंड वाकवून पाहिली, मग कानातलं बटण दातात धरून चांगलं दोनदा ओढलं. ते बटण श्टाइफ कंपनी १९०४ पासून लावते, ते नकली माल ओळखू यावा म्हणून. हा अस्सल निघाला, बटण हललं नाही. माकडाचा मात्र विरस झाला आणि ते सरळ हत्तीवर बसलं. मुक्ता भोकाड पसरून रडत होती. आई पत्र्याखाली उभी राहून, हात जोडून, "मारुतराया, ते आपल्यातलेच आहेत," अशी मध्यस्थी करत होती. एका घोडेवाल्याने आम्हाला शहाणं केलं. "त्याच्याकडं बघू नका. काय देऊ नका. पाठ फिरवा." आम्ही सगळे पाठ फिरवून उभे राहिलो, आईसुद्धा. मिनिटभराने मागे थप्प आवाज झाला.

सोंडोपंतांना झाडूनपुसून घेतल्यावर आई हळूच म्हणाली, "फार घाबरलेत रे. हातपाय कापतायत त्यांचे. आता चालवणार नाही. ती रिक्षा बघ." रिक्षात बसताना तिने दांडी घट्ट धरली होती आणि खालचा ओठ दाताखाली होता. हत्तीला तर तिने तोवर मुक्ताकडे देऊनही टाकलं होतं.

गेल्या हिवाळ्यातल्या लग्नाला विमानाने गेलो. अनघाने आईला न विचारता व्हीलचेअर सांगून ठेवली होती. खुर्ची घेऊन आलेल्या पोराला आईने विचारलं, "कुणासाठी, बाळा?" आणि तो नाव वाचत असतानाच चालू पडली. ते लांबच लांब दालन तिने चालूनच काढलं. दर वीस-पंचवीस पावलांवर थांबायची आणि सोंडोपंतांचा स्वेटर सारखा करायची. तो स्वेटर तिनेच विणलाय, बटणं पक्की आहेत, त्याला सारखं करण्याजोगं काहीही होत नाही.

तपासणीला पट्टा थांबला. पडद्यावर हत्तीच्या पोटात काहीतरी लोखंडी, दोन पायांचं. गणवेशातल्या माणसाने हत्ती वर धरून सगळ्या रांगेला विचारलं, "ये हाथी किसका है?" मी अनघाकडे पाहिलं, अनघाने आईकडे, आईने छताकडे. मुक्ता म्हणाली, "मेरा." त्याने स्वेटरच्या आत हात घातला आणि बाहेर आला आपल्या आजीचा पितळी मुठीचा अडकित्ता. दाताच्या डॉक्टरांनी आईला सुपारी बंद केली त्याला दीड वर्ष झालं होतं, हे तुला माहीत आहे. आई न डगमगता म्हणाली, "उनको लगता है. जेवण के बाद." अडकित्ता कात्र्या-लायटरांच्या पेटीत गेला. आई याबद्दल तुझ्याशी बोललेली नाही, तेव्हा तूही विषय काढू नकोस.

विमानात मुक्ताने आणखी एक प्रयोग केला. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळात गेले तेव्हा यानात एक पांढरा खेळण्यातला हंस होता, जॉय नावाचा. तो तरंगायला लागला की वजनरहित अवस्था आली असं समजायचं. तिने ते टीव्हीवर पाहिलं होतं. सीटबेल्टचा दिवा विझल्याबरोबर तिने सोंड्याला डोक्यावर धरून सोडून दिलं. पुढच्या सीटवरच्या गृहस्थांना टक्कल होतं, एवढंच लिहितो. आईचं मत पडलं, "सरस्वतीचा हंस गेला, तर गणपतीने काय पाप केलंय? जातील तेही एक दिवस."

आता कामाचं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येतोय. मधे विमान बदलायचं आहे आणि तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं आहे. आईचे गुडघे त्यासाठी नाहीत. डॉक्टरांकडे चल म्हटलं की ती "मला काय धाड भरलीय?" म्हणते, पण परवा मुक्ताला तेलाची वाटी आणायला सांगितली, सोंडोपंतांचे पाय चोळायला. मी वाटी नेऊन दिली आणि दार ओढून घेतलं.

तू एक कर. तिला त्या गिंगेनच्या बाईंची गोष्ट फोनवर रंगवून सांग. मार्गारेटे श्टाइफ, जन्म १८४७. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हातही धड चालेना. शिवणाच्या मशीनचं चाक फिरवता येईना तर मशीनच उलटं करून डाव्या हाताने चालवलं. १८८० च्या सुमाराला एका मासिकातला नमुना बघून टाचण्या खोचायला हत्तीची उशी शिवली, ती पोरांनी खेळायला पळवली, आणि त्यातून हा सगळा कारखाना. अस्वल पुढचं, १९०२ मधलं, भाच्याने काढलेलं. आधी हत्ती. आणि हे सगळं बाईंनी चाकाच्या खुर्चीत बसून केलं. आई तुझं ऐकते. गोष्ट सांगून झाल्यावर मग सहज म्हण, की सोंडोपंत आपल्या मूळ गावी येतायत, त्यांच्यासाठी तिथल्या रिवाजाप्रमाणे खुर्ची सांगितली आहे, पण ते एकटे बसायचे नाहीत, कुणीतरी मांडीवर घेऊन बसायला हवं.

तिकिटावर व्हीलचेअर आईच्याच नावाने आहे. तेवढं तिला सांगू नकोस. गिंगेनच्या म्युझियममध्येही अशी सोय होते का, ते विचारून ठेव, आणि तुझ्या घरात मांडीएवढ्या उंचीचं एक स्टूल बघून ठेव, सोंडोपंतांना पाय वर घेऊन बसायला लागतं.

मुक्ता, अनघा बऱ्या आहेत. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
बापू

ता. क. आईने आत्ताच विचारलं, तिकडे सुपारी मिळते का. कुणासाठी ते तू ओळखशीलच.