एक हजार वॅटचं शहाणपण

आधीच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत माझा अजूनही गोंधळ होतो. तेव्हा चुकाबिका पोटात घाला. पण ही गोष्ट इंग्रजीत सांगताच येणार नाही, कारण ती माझ्या मामाची आहे आणि मामा मला इंग्रजीत कधी रागावला नाही. मराठीतही रागावला नाही, हीच तर खरी पंचाईत!

माझा मामा वसईच्या पाचूबंदरला राहतो. स्वतःची बोट, स्वतःच तांडेल, बरोबर सहा खलाशी. आईबाबा लांब असल्यामुळे हॉस्टेलच्या फॉर्मवर ‘लोकल गार्डियन’ म्हणून त्याचंच नाव आहे. सुट्टीला मी भिवंडी रोड स्टेशनवरून दिवा-वसई गाडी पकडते आणि मामीच्या हातचं म्हावरं खाऊन येते. (मेसच्या बटाट्याबद्दल इथे काही लिहीत नाही. रेक्टर मॅडमही हा अंक वाचतात.)

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्यावर ओढलेली, जाळी विणणं, रंगरंगोटी चालू. अशाच एका जुलैच्या रविवारी मामा म्हणाला, “अगं, तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? पोरांना बोटीवर मोबाइल चार्ज करायचे असतात. इन्व्हर्टर घ्यावा म्हणतो. कुठला घेऊ?”

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला इंजिनियर म्हणून प्रश्न विचारला होता! मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, “मामा, तू काळजीच करू नकोस. मी आणते.”

भिवंडीत इन्व्हर्टर मिळणं म्हणजे काय कठीण? २००७ साली शहराचं वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवरकडे गेलं, त्याआधी तासन् तास भारनियमन असायचं, असं आमचे मेसचे काका सांगतात. माग थांबले की रात्री गाव एकदम चिडीचूप व्हायचं म्हणे. इथल्या माणसाला इन्व्हर्टर म्हणजे घरातलाच एक मेंबर. दुकानदाराने विचारलं, “पंखे किती, ट्यूब किती?” मी तोऱ्यात म्हटलं, “बोटीसाठी हवाय.” त्याने एक हजार वॅटचा काढून दिला. स्वस्तात होता, मॉडिफाइड साइन वेव्हचा. मला वाटलं, मोठा तेवढा चांगला. बोटीवर १२ व्होल्टची एकच बॅटरी होती, साधारण १०० अँपिअर-अवरची. इंजिन, दिवे, जीपीएस, वायरलेस, सगळं तिच्यावरच. तिलाच मी तो जोडला. दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामीने नारळ फोडला.

ऑगस्टमध्ये बोट बाहेर गेली. गुरुवारी संध्याकाळी परत यायची होती, ती आली नाही. आठ वाजता मामीचा मला फोन आला. दहाला आला. बाराला आला तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मामाचा मोबाइल रेंजबाहेर. शेजारच्या बोटवाल्यांनी वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर नाही. मी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून होते. लांबून मागांची खटखट येत होती आणि माझ्या डोक्यात एकच विचार, मी जोडलेल्या वायरने बोटीवर आग तर लागली नसेल? बॅटरीजवळ फ्यूज टाकायला मी विसरले होते, हे मला तेव्हा आठवलं.

शुक्रवारी दुपारी बोट बंदरात लागली. झालं होतं ते असं. आदल्या रात्री नांगर टाकून, इंजिन बंद करून सगळे झोपले. ‘हजार वॅटचा आहे’ म्हणून पोरांनी किनाऱ्यावरून टेबलफॅनच आणला होता. तो रात्रभर फिरत राहिला. सकाळी मामाने चावी फिरवली, तर इंजिनने नुसतं ‘टक्’ केलं. वायरलेसही मेला. मोबाइल मात्र सातही फुल्ल चार्ज! पण तिथे टॉवर कुठला? दिवसभर हात हलवल्यावर रात्री दुसऱ्या एका बोटीने त्यांना पाहिलं आणि आपली बॅटरी दिली. समुद्र शांत होता, म्हणून निभावलं.

मी रडतच पाचूबंदरला गेले. मामा जाळं झटकत होता. म्हणाला, “मासा दिसला नाही तरी जाळं टाकतो आम्ही. पण जाळं केवढं टाकायचं ते आधी ठरवतो. तू काय ठरवलं होतंस?”

मी काहीच ठरवलं नव्हतं. मग वही काढली आणि दुकानात जायच्या आधी जे गणित करायला हवं होतं, ते मामाच्या ओटीवर बसून केलं.

एका मोबाइलच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-अवर मावतात. सात मोबाइलचे १३३. इन्व्हर्टर १२ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करतो आणि चार्जर त्याचे परत ५ व्होल्ट डीसी करतो. म्हणजे ठाण्याला जायला व्हाया पुणे! दोन्हीकडे १५-१५ टक्के वाया धरले, तर बॅटरीतून जवळपास १५ अँपिअर-अवर गेले. पन्नास वॅटचा पंखा दहा तास, म्हणजे आणखी ५०. आणि एवढा मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी ताशी एखादा अँपिअर स्वतःच खातो, ते दहा. झाले ७५! लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवूच नये म्हणतात. इन्व्हर्टर आपोआप बंद होतो खरा, पण साधारण साडेदहा व्होल्टला. तोवर इंजिन फिरवण्याइतकी ताकद उरलेलीच नसते.

वर्गात चार मार्कांना लिहिलेली गोष्ट मला तिथे कळली. इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, साठवतही नाही. एक हजार वॅट हा साठा नाही, ती खर्चाची परवानगी आहे. मी परवानगी मोठी दिली आणि पाकीट तेवढंच ठेवलं.

मग आम्ही यादी केली. मोबाइलला इन्व्हर्टर लागतच नाही. १२ व्होल्टवरून थेट चालणारी यूएसबी सॉकेट बसवली. २३० व्होल्ट लागतात ते फक्त हातातल्या वॉकीटॉकीच्या आणि टॉर्चच्या चार्जरला. त्यासाठी दीडशे वॅटचा छोटा, प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर, खारा वारा लागणार नाही अशा कोरड्या जागी. जाड, कलई केलेल्या तांब्याची आखूड वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरी बॅटरी. इंजिन आणि वायरलेस एकीवर, बाकी सगळं दुसरीवर. मधे रिले असा की इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज होतात आणि बंद झालं की वेगळ्या. टेबलफॅन मामीच्या स्वयंपाकघरात गेला.

मोबाइल चार्ज करणं ही चैन नाही, हेही तेव्हाच पटलं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. उपग्रहामार्फत टॉवर नसलेल्या ठिकाणाहूनही संदेश पाठवता येतो. पण बॅटरीच मेली तर उपग्रह तरी काय करणार?

मामा आता इंजिन बंद करण्याआधी व्होल्टमीटर बघतो. १२.२ च्या खाली काटा गेला की चार्जिंग बंद, असा त्याने नियमच केलाय. मामी मात्र अजून बोट दिसेपर्यंत जेवत नाही. त्याचं गणित मला येत नाही.

परवा रूममेट म्हणाली, “आपण सगळ्या मिळून रूमसाठी छोटा इन्व्हर्टर घेऊ या का गं? कुठला घ्यायचा?” मी वही उघडली आणि विचारलं, “आधी सांग, त्याच्यावर काय काय लावणार आहेस?”

ती हेअर ड्रायरपासून सुरू झाली...