एक मिलिलिटर रक्त

गेल्या पावसाळ्यात जिंतूरच्या माझ्या दवाखान्यात एक आजी आल्या. त्यांचा नातू सातव्या महिन्यातच जन्मलेला, वजन जेमतेम एक किलो, परभणीला काचेच्या पेटीत होता. बाराव्या दिवशी त्याला दूध पचेना, श्वास मध्येच थांबू लागला, प्लेटलेट उतरल्या. रक्तात बुरशी शिरली असावी, अशी तेथील डॉक्टरांना शंका होती. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मुठीएवढं लेकरू. त्याच्या अंगात रगत ते किती? अन् हे पुन्हा पुन्हा काढायलेत."

प्रश्न रास्त होता. किलोभराच्या बाळात एकूण रक्त ८० ते ९० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक लहानसा कप. ब्लड कल्चरसाठी त्यातले सुमारे १ मिलिलिटर लागते. त्याहून कमी घेतले, तर बुरशीचे मोजके कण बाटलीत न येताच राहून जातात.

ही बुरशी बहुधा कॅन्डिडा असते. बाळाच्या जिभेवर पांढरे डाग पडतात किंवा कवळीखाली आपल्या टाळूला लाली येते, तीही हिच्यामुळेच. तेथे ती औषधाने सहज आटोक्यात येते. रक्तात शिरली की जिवावर बेतते.

कल्चरमध्ये बुरशी वाढून दिसायला दोन-तीन दिवस, कधी अधिकही लागतात. शिवाय आजार असूनही सुमारे निम्म्या वेळा ती दिसतच नाही. बीटा-डी-ग्लुकॅन नावाची दुसरी चाचणी बुरशीच्या कवचातील घटक शोधते. प्रयोगशाळेत तिचा निकाल काही तासांत मिळतो. मात्र बाळाला रक्त चढवले असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, तर ती फसवू शकते. म्हणून डॉक्टर अहवालासोबत बाळाकडेही पाहतात आणि दाट शंका असल्यास अहवालाआधीच औषध सुरू करतात.

हे मी एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका कुटुंबाने दोन दिवसांचा प्राथमिक अहवाल मला दाखवला. "काही वाढले नाही, चिंता नको," असे मी म्हणालो. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी बाळाला घरी नेले. पाचव्या दिवशी बाटलीत बुरशी वाढल्याचा निरोप आला. बाळ वाचले नाही. त्यात माझ्या वाक्याचा वाटा किती, हे मला आजही ठरवता येत नाही.

आजींना मी हे सारे सांगितले. म्हटले, "आजी, रक्त घेऊ द्या. पहिला अहवाल चांगला आला तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध थांबवू नका, लेकराला घरी आणू नका. रक्तात बुरशी सापडलीच, तर ती नाहीशी झाल्यावरही साधारण दोन आठवडे औषध चालते."

आजी काही वेळ गप्प बसल्या. मग पदराची गाठ सोडून त्यांनी मुलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "तुम्हीच सांगा त्याला," त्या म्हणाल्या, "मीच नको म्हणून बसले होते."