माळवदाखालचं वायफाय

२०२०च्या लॉकडाउनमध्ये पुण्यातली खोली सोडून मी मंठ्याला घरी आलो, तेव्हा ऑफिसचं काम करण्याजोगी एकच जागा होती. माळवदाची खोली. मे महिन्यात स्लॅबच्या खोल्यांत लॅपटॉप भाजायचा आणि माळवदाखाली दुपारी तीनलाही गारवा असायचा. अडचण वायफायची होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीतून सिग्नल काही केल्या येईना. शेवटी साण्यातून, म्हणजे उजेडासाठी छताला ठेवलेल्या भोकातून, वायर खाली सोडली आणि राउटर धान्याच्या कोठीवर ठेवला. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर बेंगळुरूच्या टीम लीडनं विचारलं, "हे बॅकग्राउंड कुठून डाउनलोड केलंस?"

माझ्या मागं कोनाडा होता, त्यात आजीची पितळी समई आणि वर धुरानं काळी पडलेली तुळई. लहानपणी शाळेतल्या मित्रांना ती खोली दाखवायला मला लाज वाटायची. त्या कॉलनंतर मात्र अभिमान वाटायला लागला. हा अभिमान बेंगळुरूवरून आला हे तेव्हा काही लक्षात आलं नाही.

मागच्या वर्षी पावसाळ्यात त्या खोलीला गळती लागली आणि घर नीट करायचं ठरलं. मी पिंटरेस्टवर एक बोर्ड केला. उघड्या तुळया, मातीच्या रंगाच्या भिंती, कोनाड्यात पिवळसर एलईडी, कोपऱ्यात उतरंड. पुण्यातल्या कॅफेंमध्ये असलं छत मुद्दाम करवून घेतात. बोर्ड घरच्या ग्रुपवर टाकला. अण्णांनी नमस्काराचा इमोजी पाठवला. आईनं दोन दिवसांनी एकच ओळ लिहिली : चांगलंय, पण वरचं सगळं पांढरं कर.

मी फोन करून समजावायला लागलो. म्हटलं, अगं तुळया झाकल्या तर राहिलं काय त्या खोलीत?

"तुझ्या कॉलवाल्यायला ते मागं दिसतंय लेकरा," आई म्हणाली. "मी त्याच्याखाली झोपते."

आईचं माहेर औसा तालुक्यातलं. किल्लारी त्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ला, पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना, भूकंप झाला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं उशिरा झोपलेली. हे सगळं मला माहीत होतं, पण इतिहासाच्या पुस्तकातलं माहीत असतं तसं. तिला मामांनी दारातून ओढून काढलं आणि तिच्या शेजारी झोपलेली चुलती आतच राहिली, हे मला अठ्ठावीस वर्षांचा झाल्यावर फोनवर कळलं. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. आई मात्र दोन वर्षांनी लग्न होऊन मंठ्यात आली, ती परत माळवदाखालीच. तिची खाट कायम दाराला लागून असायची. वाऱ्यासाठी असेल असं मला वाटायचं.

मी कॅल्क्युलेटर काढला. माळवदाची रचना साधी असते. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यावर फळकुटांचा थर, मग पाला, मग माती, आणि सगळ्यात वर पाणी न झिरपणारी पांढरी. दर उन्हाळ्यात पांढरीचा नवा थर चढतो, जुना कुणी काढत नाही. आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. खोली बारा बाय सोळा, वरची माती दीड फूट. हिशोब तेरा-चौदा टनांवर गेला, आणि तोही कोरड्या मातीचा. किल्लारीच्या भागात माणसं मेली ती अशाच ओझ्याखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. त्याच मातीच्या गारव्यात बसून मी दीड वर्ष कोड लिहिलं होतं.

दिवाळीनंतर मिस्तरी आले. तुळई बाहेरून ठणठणीत दिसत होती. भिंतीत गेलेल्या टोकाशी त्यांनी खिशातली पेन्सिल टेकवली, ती बोटभर आत गेली. वाळवी. पुढं वाद घालायला काही उरलं नाही. चार ट्रॉल्या माती निघाली, आणि ती घ्यायला शेजारचे दोन शेतकरी आधीच येऊन बसले होते. जुनी पांढरी शेतात टाकली की पीक जोर धरतं म्हणतात.

चार कोपऱ्यांत कॉलम उभे केले, जालन्याची सळई वापरून स्लॅब टाकला. एक जुनी भिंत ठेवायचा हट्ट मी सोडला नाही. मिस्तरी म्हणाले, ठेवा, पण छातीच्या वर नको. त्यामुळं खालचे तीन कोनाडे वाचले. त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. आम्ही चुन्याचा केला. कोनाड्यांत तीन हजार केल्विनची एलईडी पट्टी लावली, कारण त्याहून पांढरी लावली की मेडिकल दुकान दिसतं. तुळयांचा धड उरलेला साग चिरून बाक आणि दोन फळ्या झाल्या. जमिनीला शहाबादी फरशीच ठेवली. अण्णांना मोरबीच्या चकचकीत टाइल्स हव्या होत्या, त्यांची समजूत अजून निघालेली नाही. छत पांढरं. नुसतं पांढरं, एक रेघ नाही.

स्लॅबच्या सळया बांधत होते त्या दिवशी आई तिथं येऊन उभी राहिली आणि मिस्तरींना म्हणाली, "साणं कुठंय?"

माझ्या बोर्डावर साणं नव्हतंच. मला ते वायर सोडायचं भोक वाटायचं. आईला ते घड्याळ होतं. साण्यातला कवडसा कोठीच्या पायाशी आला की भात टाकायचा, उंबऱ्याकडं वळला की अण्णांची शाळा सुटायची. तीस वर्षं ज्या छताची तिला भीती वाटली, त्याच छताचं भोक तिला जसंच्या तसं हवं होतं. सळया कापता येत नव्हत्या, म्हणून ते फूटभर सरकवलं आणि वर जाड काच बसवली.

आता कॉलवर माझ्या मागं पुण्याच्या खोलीतली भाड्याची भिंत असते. आई रोज संध्याकाळी फोन करते. खाट दारापासून निघाली आहे, पण नेमकी कुठं ठेवावी ते ठरेना. मधोमध ठेवली तर दुपारी कवडसा तोंडावर येतो, भिंतीला लावली तर कोनाड्यातलं काही काढता येत नाही. शिवाय भाताची वेळ सारखी चुकते. परवा म्हणाली, "तू आला की सरकवू."