जिच्या नावाचे फुलपाखरू आहे
इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील ठिसूळ कडे सतत ढासळत असतात. उघड्या पडलेल्या त्या मातीत इसबगोलाच्या कुळातले, अरुंद पानांचे एक रानरोप उगवते आणि त्याच्या आधाराने ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी हे फुलपाखरू जगते. नारिंगी पंखांवर काळ्या रेघांची चौकट, खालच्या अंगास फिकट पिवळे व केशरी पट्टे असे त्याचे रूप.

मे-जूनच्या उन्हात मादी पानाखाली पन्नास ते दोनशे अंडी एकगठ्ठा घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या पांगत नाहीत. सगळी भावंडे मिळून रेशमी जाळे विणतात व त्याच्याच आसऱ्याने हिवाळा काढतात. वसंतात बाहेर येऊन त्या एकमेकींना खेटून ऊन खातात. त्यांची काळी अंगे ती ऊब शोषून घेतात. मग कोष, आणि मग पंख.

ज्या बाईच्या नावाने हे फुलपाखरू ओळखले जाते, तिच्या वाट्याला मात्र आप्तांची अशी ऊब आली नाही. एलेनॉर ग्लॅनव्हिल सतराव्या शतकाच्या अखेरीस फुलपाखरे गोळा करी, अळ्या पाळून त्यांची स्थित्यंतरे न्याहाळी. १७०९ साली ती वारली. तिच्या मृत्युपत्राविरुद्ध घरचेच लोक न्यायालयात गेले. शुद्धीवर असलेली बाई फुलपाखरांमागे धावेल काय, असा त्यांचा सवाल होता. १७१२ मध्ये मृत्युपत्र रद्द झाले.

हे वाचले तेव्हा मला माझी आत्या आठवली. परसातल्या लिंबावरच्या अळ्या ती बरणीत वाढवी, कोष कधी झाला, पाखरू कधी उडाले, ते वहीत टिपून ठेवी. ‘हिचं डोकं फिरलंय,’ असे घरात उघड बोलले जाई. ती गेल्यावर आठवडाभरात तिच्या वह्या रद्दीत गेल्या.

ज्यातून पैसा वा प्रतिष्ठा मिळत नाही, अशा गोष्टीकडे एकाग्रतेने पाहणाऱ्याला आपण वेडा ठरवतो. पुरुषाच्या बाबतीत त्याला छंद तरी म्हणतो. बाईला तेवढीही सवलत नाही. एलेनॉरला निदान नंतरच्या अभ्यासकांनी न्याय दिला.

आत्याच्या नावाचे फुलपाखरू नाही. पण लिंबाच्या पानावरची, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी चिरडायला माझा नातू पुढे होतो, तेव्हा मी त्याचा हात धरतो आणि आत्या मला सांगे तेच त्याला सांगतो : ‘थांब बाळा, हिला पंख यायचे आहेत.’