एकट्याची उद्यानयात्रा

घरातील वडील माणूस एकटा प्रवासास निघाला की त्याच्या जाण्यास काही सबळ कारण असावे लागते. काशीस निघाला तर कोणी हटकीत नाही. लेकीच्या घरी, लग्नमुंजीस अथवा अस्थिविसर्जनास निघाला तरी पिशवी भरून देण्यास चार हात पुढे येतात. परंतु केवळ मौज पाहावी म्हणून साठी उलटलेल्या गृहस्थाने एकट्यानेच घराबाहेर पडावे, ही कल्पना आपल्या एकत्र कुटुंबांतून अद्याप रुळलेली नाही. गेल्या हिवाळ्यात खोपोलीजवळचे ‘इमॅजिका’ नावाचे क्रीडोद्यान पाहून येतो, असे मी सांगितले तेव्हा आमच्या यवतमाळच्या घरी प्रथम हशा पिकला आणि मागाहून चिंता सुरू झाली. “अण्णा, मुलांना सुट्या लागल्या की सगळेच जाऊ,” असे चिरंजीव म्हणाले. सूनबाईंनी मधला मार्ग काढला: पाली आणि महड तेथून जवळच, अष्टविनायकांपैकी दोन होतील, आणि जाता जाता ते उद्यानही पाहून व्हावे. म्हणजे यात्रेच्या पदराखाली मौज! सूचना चतुर होती, नाही असे नाही. पण देवदर्शनाला निमित्त करणे मला प्रशस्त वाटेना.

सगळ्यांबरोबर का गेलो नाही, हेही सांगितले पाहिजे. वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत मी प्रथम वडिलांचे बोट धरून गेलो, पुढे मुलांना बोट देऊन गेलो, आणि अलीकडे नातवंडांच्या चपला व पाण्याच्या बाटल्या सांभाळीत रहाटपाळण्याखाली उभा राहिलो. पाळणा वरून कसा दिसतो हे मला ठाऊक नाही असे नव्हे. पण दर वेळी डोळे पाळण्यावर नसून पोरांच्या संख्येवर असत. अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने यांस आपल्या क्रीडोद्यानाची कल्पना सुचली ती अशाच प्रसंगी, असे ते सांगत. लॉस एंजेलिसच्या एका बागेत त्यांच्या मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि ते स्वतः बाकावर बसून राहत. वडीलधाऱ्यांसही मुलांबरोबर रमता येईल असे स्थळ असावे, हा विचार त्यांनी मनात धरला आणि १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. तथापि तेथेही गृहीत धरलेले आहे ते कुटुंबच. एकटा म्हातारा त्या आराखड्यात कोठे बसतो, हा माझा प्रश्न होता.

आपल्या पूर्वजांना अशा विहाराचे वावडे नव्हते. वात्स्यायनाने नागरकाच्या आयुष्यक्रमात उद्यानगमनास मानाचे स्थान दिले आहे. धारानगरीच्या भोजराजाचा ‘समराङ्गणसूत्रधार’ हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत गणपतिशास्त्र्यांनी संपादून काढला. त्यातील एकतिसावा अध्याय यंत्रविधानाचा. त्यात धारागृहे आहेत, आपोआप हलणाऱ्या बाहुल्या आहेत आणि रथदोला नावाचे फिरते पाळणेही आहेत. त्यांपैकी काहींची नावे वसंततिलक, विभ्रमक, त्रिपुर अशी आहेत. पंचक्रोशीतल्या पाळणेवाल्यांस यांपैकी एखादे नाव लावण्यास काय हरकत आहे! सांगावयाचे एवढेच की, अकराव्या शतकातील एका राजाला हा विषय लेखणीस कमीपणा आणणारा वाटला नाही.

प्रवासाविषयी थोडक्यात. आमची ‘शकुंतला’ ही मूर्तिजापूरची छोटी गाडी पूर्वी धावे. ती आता बंद असल्यामुळे धामणगावापर्यंत बस, तेथून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, कल्याणला उतरून कर्जत आणि कर्जतहून खोपोली. खोपोलीच्या माथ्यावर सह्याद्रीची भिंत उभी आहे. घाटमाथ्यावर साठविलेले पाणी नळांतून या पायथ्याशी सोडून टाटांच्या कारखान्यात १९१५ पासून वीज निर्माण होऊ लागली व तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. हे ध्यानात ठेवावे, कारण उद्यानातील सर्वांत भयंकर यंत्र याच न्यायाने चालते.

इमॅजिका १८ एप्रिल २०१३ रोजी उघडले. दारातून आत गेल्यावर चित्रातल्यासारखी गावे, रंगीत घुमट आणि पोरांचा कल्लोळ. मी प्रथम ‘नायट्रो’ या रुळगाडीकडे वळलो. हिच्यात बसणाऱ्याच्या पायांखाली फळीच नसते. पाय अधांतरी लोंबत असतात. साखळीने गाडी सुमारे ४० मीटर उंचीवर ओढून नेतात, आणि पुढे तिला कसलेही इंजिन नाही. समोरच्या बाकावर बसून मी वहीत हिशेब मांडला: घर्षण सोडून दिले तर ४० मीटर पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदास २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर होतो. गाडीच्या उलट्या वळणाचा आकार पुऱ्या वर्तुळाचा नसून थेंबासारखा, वर निमुळता असतो. खाली वेग अधिक, म्हणून तेथे वळण मोठ्या त्रिज्येचे. वर वेग कमी, म्हणून लहान त्रिज्येचे. पूर्ण वर्तुळ केले असते तर खालच्या टोकाशी बसणाऱ्याच्या मानेवर असह्य भार आला असता. वर्गात ही गोष्ट मी फळ्यावर कितीदा तरी समजावली असेल. डोळ्यांसमोर गर्जत जाताना प्रथमच पाहिली.

बसावे की न बसावे? निघण्यापूर्वी डॉक्टरांस विचारले होते. रक्तदाब आटोक्यात आहे, मानेस हिसका बसेल असे काही करू नका, पाण्यातल्या नावेस हरकत नाही, असे ते म्हणाले. दारावरच्या पाटीवर हृद्रोग, रक्तदाब, मान व पाठ यांची दुखणी असणाऱ्यांस निषेध लिहिला होता. घरचे कोणी बरोबर असते तर त्यांनी दंड धरला असता आणि मी हट्टास पेटलो असतो. येथे दंड धरणारे कोणी नव्हते. माझ्या वयाचा एक मनुष्य रांगेत शिरला तर त्यास कोणी ओळखणारही नव्हते. गाडी सहा वेळा माझ्या डोक्यावरून गेली. सातव्या वेळी मी वही मिटली आणि उठून दुसरीकडे गेलो. वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटे होईल. पण आपला निषेध आपणच करण्यात एक निराळीच मोकळीक होती, आणि ती मला पुष्कळ वर्षांनी लाभली.

नावेचे नाव ‘राजासॉरस’. हा प्राणी काल्पनिक नव्हे. गुजरातेत रहिओली येथे नर्मदेच्या परिसरात त्याची हाडे सापडली आणि २००३ साली त्यास ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे नाव मिळाले. अर्धे संस्कृत, अर्धे यावनी, पण कानास गोड. तो साडेसहा कोटी वर्षांहून अधिक जुना. दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर साचले तेही त्याच सुमारास, आणि आमच्या कापसाची काळी जमीन त्याच दगडाची झीज होय. २०२१ साली आमच्याच जिल्ह्यात शिबल्याजवळ रस्ता खोदताना त्या दगडाचे सहा कोनांचे खांब निघाले. कृत्रिम अरण्यातून नाव चालली असता ती जबड्याची बाहुली पाहून मला भीती न वाटता शेजारधर्म आठवला.

नावेत मला शेजारही मिळाला. रांगेतील मुलाने “एकटे कोण आहे?” म्हणून हाक दिली आणि एका कुटुंबातील उरलेल्या जागेवर मला बसविले. शेजारी आठ-नऊ वर्षांचा मुलगा. उतारावर नाव सुटताच त्याने “आजोबा, घट्ट धरा!” असे बजावून माझेच मनगट घट्ट धरले. दोघेही चिंब भिजलो. खाली उतरल्यावर त्याच्या आईने टॉवेल पुढे केला, “काकांबरोबर कोण आहे?” असे इकडेतिकडे पाहिले, आणि कोणी नाही असे कळताच ती क्षणभर गप्प झाली. मी हसलो, तेव्हा तीही हसली.

कठीण वेळ आली ती रात्री, उद्यानाला लागून असलेल्या हॉटेलात. वाढप्याने “किती जण?” असे विचारले. “एक,” म्हणालो. त्याने चार जणांचे टेबल दाखविले आणि तीन जागांवरची ताटे, पेले, काटेचमचे सावकाश उचलून नेले. पंगतीत वाढलेल्या माणसास हे पाहणे सोपे नाही. वरणभात चांगला होता. मी घाई न करता जेवलो, आणि ताक मागून घेतले.

जाणाऱ्या समवयस्कांनी दोन-तीन गोष्टी पाहाव्या. शनिवार-रविवार टाळावा. भिजण्याची शक्यता धरून धोतर किंवा विजार आणखी एक जवळ असू द्यावी. खोलीचे भाडे दोघांस जितके, तितकेच बहुधा एकट्यास पडते. ते आधी विचारावे. खोपोलीहून कर्जतकडे सुटणाऱ्या गाड्या थोड्या आहेत, तेव्हा रिक्षावाल्यास परतीची वेळ आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. मी तसे केले म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी महडास, रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ साली बांधलेल्या मंदिरात, वरदविनायकापुढे निवांत तासभर बसता आले.