गिटारचा राहून गेलेला तास

एकच मॉडेल, एकच रंग, एकच किंमत. भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेल्या तीन नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक गिटारी. पहिलीवर बोट ठेवताच सूर मोकळा निघतो. दुसरीवर बाराव्या फ्रेटच्या वर तार मींडेसारखी ओढली की आवाज मध्येच गुदमरतो. तिसरीच्या नेकवरून हात फिरवला तर फ्रेटची टोकं तळहाताला बोचतात. अमेरिकेतल्या मोठ्या साखळी-दुकानांत वादकांना हा अनुभव इतक्या वेळा येतो की जुने वादक एखादं मॉडेल विकत घ्या असा सल्ला देतच नाहीत. त्या मॉडेलच्या चार गिटारी वाजवून बघा आणि त्यातली एक उचला, असं सांगतात.

नव्या माणसाला हे समजणं कठीण जातं. दुकानातले दोन मोबाइल सारखे असतात, मग दोन गिटारी का नसाव्यात? गिटारींच्या दुरुस्तीचं काम करताना मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर किमतीत किंवा देशात शोधलं की माणूस हमखास चुकतो.

सुरुवात फ्रेटपासून करावी लागेल. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट लाकडात खाचा पाडून कायमचे बसवलेले असतात, साधारण २१ किंवा २२. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलची वाजणारी तार ६४८ मिलिमीटर लांब असते आणि बारावा फ्रेट बरोबर तिच्या मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. या खाचा आता संगणकावर चालणारी यंत्रं पाडतात, त्यामुळे जागा चुकत नाही. स्वस्तातल्या गिटारचीही चुकत नाही. चुकते ती उंची. आजच्या बहुतेक स्ट्रॅटोकास्टरसाठी कंपनीने दिलेलं माप असं आहे: सतराव्या फ्रेटपाशी तार फ्रेटपासून १.६ मिलिमीटर वर, आणि नेकला आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरचा हलका बाक. इतक्या अरुंद जागेत तार थरथरायची असते. एखादा फ्रेट शेजाऱ्यापेक्षा केसभर उंच राहिला तरी तार त्याच्यावर आपटते. त्याला वादक ‘बझ’ म्हणतात. मग दुकानातला मुलगा तार उंच करून देतो, बझ जातो आणि वाजवणाऱ्याची बोटं दुखू लागतात.

नटचं दुखणं त्याहून छुपं आहे. नट म्हणजे नेकच्या टोकाशी असलेली हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी. तिच्या सहा खाचांतून तारा जातात. कारखान्यात या खाचा मुद्दाम थोड्या उथळ ठेवल्या जातात, कारण जास्त खोल गेलेली खाच म्हणजे नट बदलणं आलं, उथळ खाच मात्र नंतर खोल करता येते. ती नंतरची वेळ बहुतेक गिटारींच्या नशिबी येतच नाही. मग पहिल्या फ्रेटवर बोट दाबलं की तार गरजेपेक्षा जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. मोकळी तार ट्यूनरवर बिनचूक, पण पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर. नवशिके हेच कॉर्ड आधी शिकतात. कान तयार नसलेला विद्यार्थी दोष स्वतःच्या बोटांना देतो.

हे मला फार लागतं. फेंडरचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी काही वर्षांपूर्वी उघडपणे सांगितलं होतं की पहिली गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात. त्यावर उपाय म्हणून कंपनीने २०१७ मध्ये ‘फेंडर प्ले’ ही ऑनलाइन शिकवणी सुरू केली. शिकवणी चांगलीच आहे. पण सोडून देणाऱ्यांपैकी किती जणांच्या हातात वाजवता येण्याजोगी गिटार होती, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारायला हवा होता.

आता कारखान्याकडे वळू. इंडोनेशियातल्या सुराबायाजवळ ‘कॉर-टेक’ या कोरियन कंपनीचा मोठा कारखाना आहे. तिथून इबानेझच्या, स्क्वायरच्या आणि पीआरएसच्या एसई मालिकेच्या गिटारी बाहेर पडतात. म्हणजे एकाच छपराखाली वेगवेगळ्या नावांची आणि किमतींची वाद्यं. लाकूड कापणारी यंत्रं तीच, कारागीरही त्याच गावातले. फरक पडतो तो गिऱ्हाईक कंपनी प्रत्येक गिटारवर किती मिनिटं खर्च करायला तयार आहे यात. फ्रेट सपाट करणं, त्यांची डोकी पुन्हा गोल करणं, टोकं घासून गुळगुळीत करणं, नट कापणं ही सगळी हाताची कामं आहेत आणि नीट करायची तर तासभर सहज जातो. दोनशे-अडीचशे डॉलरच्या गिटारमध्ये तो तास पूर्ण बसत नाही. कधी अनुभवी कारागिराच्या हाती आलेली गिटार उत्तम निघते, कधी पाळी संपतानाची गिटार तशीच डब्यात जाते. म्हणून ‘इंडोनेशियाची गिटार वाईट, अमेरिकेची चांगली’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. स्क्वायरच्या ‘क्लासिक व्हाइब’ मालिकेतल्या काही गिटारी मी तासन्तास खाली ठेवू शकलेलो नाही.

महागड्यांचंही पाहावं लागेल. लिओ फेंडर यांनी आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. उत्पादन वाढलं आणि सत्तरच्या दशकातल्या स्ट्रॅटोकास्टर तीन स्क्रूंनी जोडलेल्या, पोकळीत सैल बसणाऱ्या नेकसाठी बदनाम झाल्या. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी कंपनी सीबीएसकडून विकत घेतली तेव्हा त्यांना आधी नाव सावरावं लागलं. गिब्सनने २०१५ साली जवळपास सगळ्या मॉडेलांवर आपोआप सूर लावणारी यंत्रणा, पितळी नट आणि रुंद नेक लादून किंमत वाढवली. वादकांनी ती गिटार नाकारली, दुकानांत माल पडून राहिला, पुढच्याच वर्षी कंपनीला पारंपरिक मॉडेलं वेगळी काढावी लागली. १ मे २०१८ रोजी गिब्सनने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. त्यामागे इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यासाठी काढलेलं कर्ज हे मोठं कारण होतं. तरी हजारो डॉलर मोजून नट आणि रंगाच्या तक्रारी करणारे ग्राहक तोवर पुष्कळ झाले होते.

इथे एक भेद करायला हवा. पन्नाशीच्या दशकात फेंडरच्या फुलर्टन इथल्या कारखान्यात ताडेओ गोमेझसारखे कारागीर नेक हाताने घडवत आणि तिच्या बुंध्यावर पेन्सिलीने आद्याक्षरं लिहीत. त्यातल्या कुठल्याही दोन नेक कधीच तंतोतंत सारख्या नसत आणि आज संग्राहक त्याच फरकासाठी जीव टाकतात. लाकडाचं वजनही असंच. गिब्सनच्या दोन लेस पॉल गिटारींमध्ये किलोभराचा फरक पडू शकतो, तो महोगनीच्या ओंडक्यातूनच येतो. नेकचा आकार, वजन, लाकडाचा आवाज हे वाद्याचे स्वभाव आहेत. उंच फ्रेट आणि उथळ नट हे मात्र निव्वळ अर्धवट काम आहे आणि त्याला ‘प्रत्येक गिटार वेगळी असते’ या वाक्याखाली लपवू देता कामा नये.

दोष कारखान्यातून निघतानाच असतो असंही नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात साधारण १६ टक्के पाणी राहतं, ५० टक्क्यांना ९ च्या आसपास, आणि २० टक्क्यांना साडेचारपर्यंत उतरतं. आशियातल्या दमट बंदरातून निघालेली गिटार जानेवारीत शिकागोच्या दुकानात पोचते, तिथे हीटर रात्रंदिवस चालू. लाकूड आकसतं ते प्रामुख्याने रुंदीत, लांबीत नगण्य. धातूचे फ्रेट आकसत नाहीत. नेकच्या दोन्ही कडांवर ती टोकं बाहेर येतात, हाताला लागतात. शिवाय ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली पोलादी सळई, कारखान्याच्या हवेत ताणलेली असते. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांनी ही जुळवता येणारी सळई शोधली, तिचं पेटंट १९२३ चं आहे, आणि हवा बदलली की ती फिरवून नेकचा बाक जुळवता येतो. दुकानात ती कुणी फिरवत नाही.

दुकानांची गोष्ट इथे येतेच. ‘गिटार सेंटर’ची सुरुवात १९५९ साली हॉलीवूडमध्ये वेन मिचेल यांच्या ऑर्गनच्या दुकानातून झाली. पुढे ती अमेरिकेतली सर्वांत मोठी वाद्यांची साखळी झाली, सुमारे ३०० शाखांची. २००७ मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने ती सुमारे २१० कोटी डॉलरला घेतली, आणि या खरेदीचं कर्ज साखळीच्याच डोक्यावर बसलं. नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून महिन्याभरात ती सावरली. १९२४ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली ‘सॅम अ‍ॅश’ मात्र शंभरी गाठून २०२४ मध्ये सगळी दुकानं बंद करून गेली. व्याज फेडणाऱ्या दुकानाला सगळ्यात आधी छाटता येतात ती माणसं. जुन्या गल्लीतल्या दुकानदाराकडे मागच्या खोलीत एक दुरुस्तीवाला असे. डबा उघडला की गिटार आधी त्याच्या टेबलावर जाई, नट कापला जाई, मग ती भिंतीवर चढे. साखळी-दुकानात ती बहुतेकदा डब्यातून थेट भिंतीवर जाते, महिनोन्महिने शंभर हात तिच्यावरून फिरतात, आणि शेवटी ‘नवी’ म्हणून विकली जाते. दुरुस्ती विभाग असतो, पण सेटअपचे, म्हणजे नट, फ्रेट आणि ट्रस रॉड जुळवून देण्याचे, पैसे वेगळे. अमेरिकेत साधारण ६० ते १०० डॉलर, म्हणजे स्वस्त गिटारच्या किमतीचा तिसरा हिस्सा.

हे अटळ आहे असं मला वाटत नाही. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन इथलं ‘स्वीटवॉटर’ १९७९ साली चक सुरॅक यांच्या फोक्सवॅगन गाडीतल्या फिरत्या स्टुडिओतून उभं राहिलं. तिथे ठरावीक किमतीवरच्या प्रत्येक गिटारची ५५ मुद्द्यांवर तपासणी होते, तिचा स्वतंत्र फोटो आणि वजन अनुक्रमांकासह ग्राहकाला दाखवलं जातं. म्हणजे न पाहता मागवणाऱ्यालाही नेमकी कुठली गिटार येणार हे कळतं. दुकानाने ठरवलं तर तो राहून गेलेला तास देता येतो, याचा हा पुरावा आहे.

आपल्याकडे या गोष्टीचा संबंध दोन वाटांनी येतो. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला किंवा मेव्हणीला ‘येताना एक गिटार घेऊन ये’ म्हणून सांगणारी घरं पुण्या-मुंबईत कमी नाहीत. ती गिटार न वाजवता, डब्यासकट, विमानाच्या पोटातून येते आणि जूनमध्ये दादरच्या किंवा पणजीच्या हवेत उघडली जाते. कोरड्या हवेत सरळ असलेली नेक पावसाळ्यात पुढे वाकू शकते, तारा उंच होतात, पोलादी तारांवर आठवड्याभरात गंज दिसतो. गिटार खराब निघाली असं घरच्यांना वाटतं. बऱ्याचदा ट्रस रॉड पाव फेरा फिरवणं आणि नट नीट करणं एवढंच तिला हवं असतं. दुसरी वाट शिसवीची. गिटारच्या नेकवरची काळसर पट्टी अनेकदा आपल्या सह्याद्रीत होणाऱ्या शिसवीची असते. जानेवारी २०१७ पासून या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, म्हणून फेंडरच्या मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींवर पाऊ फेरो हे दक्षिण अमेरिकी लाकूड आलं. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. रंग फिका दिसतो म्हणून पाऊ फेरोला नावं ठेवणारे भेटतात. माझ्या अनुभवात ते लाकूड निर्दोष आहे.

आपल्या वाद्यपरंपरेत मात्र ही अक्कल जुनीच आहे. मिरजेहून तंबोरा आणला म्हणून कुणी तो थेट मैफलीत ठेवत नाही. जवारी काढणारा हात वेगळा असतो, त्याची मजुरी वेगळी असते आणि हवा बदलली की जवारी पुन्हा बघावी लागते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या हाताचा वाटा मोठा आहे. इलेक्ट्रिक गिटारला सेटअप लागतो तो याच अर्थाने.

दुकानात उभं राहून बरंच तपासता येतं, त्याला हत्यारं लागत नाहीत. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. एटीएम कार्डाची कड, नटकडच्या फ्रेटवर लांब आणि पुढे छोटी, तीन-तीन फ्रेटवर टेकवत वर जा. कार्ड डुललं तर मधला फ्रेट उंच आहे. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, घाई करू नका. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून मध्ये किती फट राहते ते पाहा: कागदाच्या दोन-तीन थरांएवढी असेल तर ठीक, तार चिकटली किंवा फट डोळ्यात भरली तर ट्रस रॉड जुळवून मागा. तिसऱ्या फ्रेटवर दाबलेली तार पहिल्या फ्रेटला जवळजवळ टेकायला हवी. मोठी फट असेल तर नट उंच आहे. ट्रस रॉड आणि नट ही दुरुस्त होणारी दुखणी आहेत. पिळवटलेली नेक आणि लाकडातून उचललेले फ्रेट असलेली गिटार मात्र कितीही सूट मिळाली तरी घेऊ नका.

या दिवाळीत घरातल्या कुणाला पहिली गिटार घेऊन देणार असाल, तर सेटअपचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत बसेल ती गिटार घ्या, मग ती एक पायरी खालची असली तरी चालेल. दुकानदाराला सांगा की नट आणि फ्रेट बघून दिल्याशिवाय ती घरी नेणार नाही. चार गिऱ्हाइकांनी असं सांगितलं की मागच्या खोलीत पुन्हा एक टेबल लागेल.